नाडीकडे पाहू नका, म्हणणारे हैदराबाद

आजचा धागा सिझेरियनच्या टेबलावरील मळमळ आणि खाजेचा आहे. पण सुरुवात हैदराबादेत होते. नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होते.

१८८८ साली तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्मची परीक्षा करणारा आयोग नेमला. 'लॅन्सेट'ला त्याचा निष्कर्ष पटला नाही. तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ केले आणि १८८९ मध्ये लंडनहून लॉडर ब्रन्टन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निर्णय असा, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. सबब भूल देणाऱ्याने केवळ श्वासावर लक्ष ठेवावे, नाडीकडे पाहू नये! १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी हा आत्मविश्वास मोडून काढला: हलक्या भुलेतही क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकी बिघडवून जीव घेतो.

दरम्यान १८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर यांनी पाठीच्या कण्यातील द्रवात कोकेन सोडून पायाची शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया वेदनारहित झाली. रुग्णाला मागाहून उलटी झाली आणि डोके दुखले. दोनच वर्षांत बाझलचे ऑस्कर क्राइस यांनी ही भूल बाळंतिणींना दिली.

आज सिझेरियनला बहुधा हीच पद्धत वापरतात. बाई जागी असते, बाळाचे पहिले रडणे ऐकते. आणि नेमके तेव्हाच तिला मळमळते. कारण बहुतेक वेळा पोटात नसते. कण्यातील भुलेने रक्तवाहिन्या सैलावतात, त्यात गर्भाशयाचा भार पोटातील महाशिरेवर पडतो, रक्तदाब कोसळतो. मळमळ ही त्याची पहिली वर्दी. म्हणून आधी पोट डावीकडे कलते ठेवणे, सलाइन आणि फेनिलेफ्रिनने दाब सावरणे. ओंडान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन ही त्याला जोड. दाब न पाहता नुसते उलटीचे इंजेक्शन देणे म्हणजे हैदराबादचीच चूक नव्याने करणे.

खाजेचे मूळ निराळे. १९७९ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या वेदनेवर कण्यात मॉर्फिन वापरले. पुढे ते सिझेरियनमध्येही आले. नाकाभोवती, चेहऱ्यावर खाज सुटते आणि घरच्यांना वाटते, औषधाची अॅलर्जी झाली. ही खाज प्रामुख्याने हिस्टामिनची नसून मज्जारज्जू व मेंदूतील ग्राहींची असते. त्यामुळे एव्हिल दिले तर बाळंतीण पेंगते, खाज फारशी हटत नाही. मॉर्फिनची मात्रा ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवली, तर वेदना आवरतात आणि खाजही कमी होते. तरी असह्य झालीच, तर नालबुफिनची अल्प मात्रा उपयोगी पडते.