ढोल-ताशा पथक (पुणे)

ढोल, ताशा आणि झांज यांच्या सामूहिक वादनाने गणेशोत्सवाच्या मिरवणुकीला चाल देणारा हौशी वादकांचा संच. सिंफनी वाद्यवृंदाला संचालक आणि लिखित स्वरलिपी लागते. पथकात ताशाच संचालक. ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचे जलद सलग वादन, बदलली की ढोलांचा ठेका बदलतो, आणि सारे ताल पाठ असतात. ढोलाच्या एका पानावर टिपरू पडते, दुसऱ्यावर हाताची थाप.

१८९३ नंतर सार्वजनिक उत्सव वाढत गेला, तेव्हा मुळशी-मावळ भागातले गावकरी ढोल घेऊन शहरात येत. ‘गावठी’ या तालाच्या नावात त्यांची आठवण टिकून आहे. पुढे शाळांनी ही कला उचलली: सदाशिव पेठेत ज्ञानप्रबोधिनीने बरची नृत्याच्या जोडीने, तर शनिवार-नारायण पेठांच्या सीमेवर रमणबागेच्या न्यू इंग्लिश स्कूलने. माजी विद्यार्थी नोकरीधंदा सांभाळून परत येऊ लागले.

उत्सवाआधी कित्येक आठवडे मुठेच्या काठी संध्याकाळचा सराव चालतो. काठावरच्या वस्तीला त्या आवाजाचा त्रास होतो, ही तक्रार रास्तच आहे. पथकांनी घडवलेला सर्वांत मोलाचा बदल मात्र मुलींचा: कमरेला ढोल बांधलेल्या मुली आज लक्ष्मी रस्त्यावर तासन्‌तास वाजवतात.