दोन चेहऱ्यांची बँक

इस्तंबूलच्या गलाता भागात १८९२ साली उस्मानी बँकेची इमारत उभी राहिली. वास्तुकार अलेक्सांद्र व्हालोरी. रस्त्याकडची दर्शनी बाजू युरोपीय अभिजात शैलीची. मागची, खाडीपलीकडच्या जुन्या शहराकडे तोंड केलेली, पौर्वात्य धाटणीची. पाहणाऱ्याला हा सुंदर मिलाफ वाटतो. पण नोटा काढण्याचा हक्क असलेल्या या बँकेचं भांडवल इंग्रज-फ्रेंचांचं होतं. साम्राज्य कर्जात बुडालं, तेव्हा १८८१ पासून मीठ, मुद्रांक यांसारखा महसूल परकीय सावकारांच्या मंडळाकडे जाऊ लागला. त्या मंडळाची इमारतही व्हालोरीचीच, तीही उस्मानी वळणाची. आपण जुन्या वास्तूंच्या कमानी पाहून हरखतो. कमान कुणाच्या शैलीची, यासोबतच तिजोरीची किल्ली कुणाच्या हाती होती, हेही विचारायला हवं.