कोंबडीची गळ्याखालची पिशवी फुगली? आधी सकाळी हात लावून बघा

दारात पाच-दहा गावरान कोंबड्या असल्या की घरातल्या बाईचा मीठ-मिरचीचा खर्च अंड्यांवर निघतो. अशातली एखादी अंड्यावरची कोंबडी अचानक चरायची थांबते, पिसं फुगवून कोपऱ्यात बसते आणि चार-पाच दिवसांत मरते. "मर आली" म्हणून विषय संपतो. पण एकटीच कोंबडी आजारी असेल, तर बरेचदा दुखणं गळ्याखालच्या पिशवीत असतं आणि वेळेत कळलं तर कोंबडी वाचते.

पिशवीचं काम काय?

कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा आधी छातीच्या वर, थोडा उजव्या बाजूला असलेल्या पिशवीत साठतो, भिजतो आणि मग थोडा थोडा पुढे पेट्यात जातो. तिथे पोटातल्या खड्यांनी तो दळला जातो. त्यामुळे संध्याकाळी पिशवी टम्म भरलेली असणं चांगलंच. रात्रभरात ती रिकामी झाली पाहिजे.

तपासायचं कसं?

संशय आला तर कोंबडी रात्री वेगळी डालग्याखाली ठेवा. दाणा ठेवू नका, पाणी ठेवा. सकाळी सोडण्याआधी पिशवी चाचपा. रिकामी लागली तर पिशवीचं दुखणं नाही, दुसरं कारण शोधा. भरलेली लागली तर पुढचे तीन प्रकार ओळखा.

१. पिशवी कडक, कणकेच्या गोळ्यासारखी

अन्न अडकलं आहे. लांब वाळलेलं गवत, सुतळी, पोत्याचा प्लास्टिक दोरा, कॅरीबॅगचे तुकडे यांचा गोळा होतो. खळ्यावर कोरडं धान्य एकदम जास्त खाल्लं तरी ते आत फुगतं.

दाणा एक दिवस बंद ठेवा, पाणी चालू ठेवा. कोमट गोडेतेल चहाचा अर्धा चमचा, चोचीच्या कडेने थेंब-थेंब पाजा. मग बोटांनी हलक्या हाताने पाच मिनिटं गोळा मोकळा करा. असं दिवसातून दोन-तीनदा करा. पिशवी उतरू लागली की मऊ खाणं थोडं थोडं द्या. दोन दिवसांत फरक नसेल तर पशुवैद्यकाकडे न्या. ते पिशवी उघडून गोळा काढू शकतात. घरी ब्लेड लावू नका.

२. पिशवी मऊ, पाण्याच्या फुग्यासारखी. तोंडाला आंबूस वास

आत बुरशी वाढून अन्न आंबलं आहे. बुरशी लागलेला दाणा, शिळं-आंबलेलं खरकटं, घाण पाणी ही कारणं. न विचारता वारंवार अँटिबायोटिक पाजल्यानेही हे होतं. इथे तेल आणि चोळणं नको. गूळपाणी, साखरपाणी, भाकरी-पाव बंद, कारण गोडावर आणि पिठावर बुरशी वाढते. ताजं पाणी ठेवा आणि पशुवैद्यकाकडून बुरशीवरचं औषध घ्या. मोरचूद अंदाजाने पाण्यात टाकू नका, मात्रा चुकली तर विषबाधा होते.

३. पिशवी सैल होऊन लोंबते

वारंवार जास्त भरल्याने ताणलेली पिशवी सहसा पूर्ववत होत नाही. एकदम पोटभर न देता दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाऊ घाला. अशी कोंबडी पुढेही अंडी देऊ शकते.

ही चूक जीव घेते

पाय धरून कोंबडी उलटी टांगायची आणि पिशवी दाबून पाणी काढायचं, हा उपाय बऱ्याच ठिकाणी करतात. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं. आतलं पाणी फुप्फुसात गेलं की कोंबडी गुदमरून जागीच मरते. तेल किंवा औषध एकदम घशात ओतलं तरी तोच धोका.

पुन्हा होऊ नये म्हणून

- खुराड्याजवळ बारीक खडे, जाड वाळू कायम ठेवा. कोंडलेल्या कोंबड्यांना तर हमखास.
- दोरे, सुतळी, कॅरीबॅग उकिरड्यावर टाकू नका.
- हिरवा चारा बोटभर लांबीपेक्षा बारीक कापून द्या.
- मळणीच्या दिवसांत सकाळी थोडा दाणा घालूनच सोडा, म्हणजे राशीवर तुटून पडत नाहीत.
- पाण्याचं भांडं रोज घासा.

डॉक्टरांना कधी कळवायचं?

एकाच वेळी अनेक कोंबड्या सुस्त झाल्या, मान वाकडी पडली, हिरवी-पांढरी हगवण लागली किंवा पटापट मरू लागल्या, तर ते नुसतं पिशवीचं दुखणं नव्हे. राणीखेतसारख्या रोगातही पिशवी तुंबते. आजारी कोंबड्या वेगळ्या करा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. औषध चालू असलेल्या कोंबडीची अंडी आणि मटण किती दिवस खायचं नाही, हे डॉक्टरांनाच विचारा. मेलेली कोंबडी उघड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरा.