रेल्वे-प्रतिकृतींचे रंगकाम, वेदरिंग आणि साठवण

रेल्वेची इंजिने, डबे आणि वाघिणी यांच्या लहान प्रतिकृती नव्याने रंगवणे, त्यांवर वापराच्या व हवामानाच्या खुणा उमटवणे (वेदरिंग) आणि त्या वर्षानुवर्षे टिकतील अशा ठेवणे, ही या छंदातली तीन कामे. रत्नागिरीच्या दक्षिणेला, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वसलेल्या पावससारख्या गावात या तिन्ही कामांचे वेळापत्रक पावसाळाच ठरवतो.

महाराष्ट्रात हा छंद पाहायचा तर पुण्याला जावे. भाऊसाहेब जोशी यांनी कोथरूडला उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावरून गाड्या धावू लागल्या होत्या. संग्रहालयातील गाड्या एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणातल्या आहेत. या प्रमाणात रुळांमधले अंतर १६.५ मिमी असते आणि ते युरोपीय मापाशी जुळते. भारतीय ब्रॉडगेजसाठी ते सुमारे १९.३ मिमी हवे. त्यामुळे भारतीय रंगांत रंगवलेली गाडी जाणकाराला किंचित अरुंद रुळांवर उभी दिसते. ही तडजोड बहुतेक हौशी मंडळी स्वीकारतात.

रंगकामाआधी साल ठरवावे लागते. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली तेव्हा तिचा एक रेक चंदेरी आणि लाल पट्ट्यांचा, तर दुसरा गडद निळा आणि सोनेरी रेषांचा होता. नंतर तिचे रंग अनेकदा बदलले. साल निश्चित नसेल तर कितीही सफाईने मारलेला रंग चुकीचाच ठरतो.

जुना रंग काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, पण आधी ते आतल्या, न दिसणाऱ्या भागावर लावून प्लॅस्टिकवर परिणाम होतो का ते पाहतात. मग साबणाने धुणे, प्रायमर, आणि एअरब्रशने पातळ थर. थर पातळच हवा, कारण दशांश मिलिमीटरचा थरही या प्रमाणात जवळजवळ ९ मिमी जाडीचा होतो आणि खिळ्यांची डोकी, दारांच्या कडा बुजवून टाकतो. अक्षरांचे डिकल तुळतुळीत पृष्ठभागावर चिकटवायचे आणि मॅट वॉर्निश शेवटी. दमट हवेत लॅकर वाळताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प धरते आणि रंग पांढुरका होतो. म्हणून कोकणात रंगकामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम.

वेदरिंग हा यातला सर्वांत रसाळ भाग, आणि सर्वांत जास्त बिघडणाराही. सगळीकडे सारखाच तपकिरी रंग फासला की गाडी नुसती मळकी दिसते. खऱ्या गाडीवर प्रत्येक डागाला कारण असते. प्रवासी डब्यांच्या बाजू धुतल्या जातात, छत आणि बोगी (चाकांचा सांगाडा) मात्र काळवंडतात. बिडाच्या ब्रेकब्लॉकची झीज बोगीवर तांबूस भुकटी होऊन बसते. डिझेल इंजिनाची काजळी धुराड्याभोवती दाट असते. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतरची गाडी करायची तर विजेच्या इंजिनाच्या छतावर पॅन्टोग्राफच्या कार्बनपट्टीची काळी धूळ दाखवावी.

रत्नागिरीच्या आसपासची वाट जांभ्याच्या कातळातून जाते, म्हणून धूळ करडी नव्हे, लालसर हवी. अंगणातली जांभ्याची माती वस्त्रगाळ करून वापरण्याचा मोह होतो. ती जरूर वापरावी, पण दोन गोष्टी पाळून. ती अगदी बारीक असावी, कारण १ मिमीचा खडा या प्रमाणात जवळजवळ ९ सेंटिमीटरच्या धोंड्याएवढा दिसतो. शिवाय मातीतून लोहचुंबक फिरवून चिकटणारे कण आधी काढावेत, नाहीतर ते मोटरच्या चुंबकाला जाऊन बसतात.

साठवणीत तीन शत्रू आहेत: दमट हवा, उष्णता आणि चुकीचे वेष्टन. पावसाळ्यापूर्वीच्या आगोटीच्या कामांबरोबरच प्रतिकृतीही बांधून ठेवाव्यात. कौलांखालचा माळा उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात सादळतो, म्हणून ती जागा नको. आम्लरहित टिश्यू कागद, घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरते. जेल ओले झाले की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. जुना पॉलियुरेथेन फोम चिकट होऊन रंगाला धरतो, मऊ पीव्हीसीतील प्लॅस्टिसायझर पॉलिस्टायरीनमध्ये उतरतो. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या तर चुकूनही ठेवू नयेत, कारण त्यांची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते. जस्ताच्या जुन्या ओतीव भागांत शिसे मिसळलेले असेल तर ते फुगून तडकतात. दमटपणा हा रोग वाढवतो आणि त्यावर उपाय नाही, म्हणून जुने इंजिन विकत घेताना आतली चौकट उघडून पाहावी.

पावसाळ्यानंतर डबा उघडला की आधी चाके आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या अल्कोहोलने पुसतात, वंगण सुकले असेल तर प्लॅस्टिकला चालणारे तेल एखाद्या थेंबाने देतात आणि इंजिन डब्यांशिवाय, कमी वेगात, दोन्ही दिशांना चालवून घेतात.