मोबाइलवरील खुल्या रस्त्यांचा इतिहास

मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या, मोटार चालवण्याच्या अनेक खेळांत शर्यत नसते आणि पोहोचण्याचे ठिकाणही ठरलेले नसते. एक शहर आणि एक गाडी खेळाडूच्या हवाली केली जाते व कुठल्या रस्त्याने जायचे ते त्याचे त्याने ठरवायचे असते. अशा रचनेला ‘ओपन वर्ल्ड’, म्हणजे कोणत्याही दिशेने फिरता येईल असे खुले विश्व, म्हणतात. हा प्रकार स्मार्टफोनबरोबर जन्मला असे अनेकांना वाटते, पण त्याची मुळे त्याहून कितीतरी जुनी आहेत.

इंग्लंडमधील ड्युरेल सॉफ्टवेअरने १९८६ मध्ये ‘टर्बो एस्प्रिट’ हा खेळ झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी काढला. अवघ्या ४८ किलोबाइट स्मृतीत, म्हणजे आजच्या एका लहानशा छायाचित्रालाही अपुऱ्या पडणाऱ्या जागेत, माइक रिचर्डसन यांनी चार शहरे बसवली आणि त्यांत सिग्नल, एकदिशा मार्ग, रस्त्यांची कामे व पादचारीही घातले. खेळाडूचे काम तस्करांचा पाठलाग करण्याचे होते, तरी वाहतूक त्याच्यासाठी थांबत नसे आणि पादचाऱ्याला धडक दिल्यास गुण कापले जात. शहराने खेळाडूभोवती फिरायचे नाही, खेळाडूने शहरात वावरायचे, ही या प्रकाराची मूळ कल्पना इथे पूर्णपणे दिसते आणि त्यामुळे या इतिहासात ‘टर्बो एस्प्रिट’ला मिळतो त्याहून मोठा मान मिळायला हवा.

पुढे १९९९ मध्ये ‘ड्रायव्हर’ आणि शिकागोच्या रस्त्यांवरचा ‘मिडटाउन मॅडनेस’ आले. ‘ड्रायव्हर’मध्ये तर कोणतीही कामगिरी न घेता नुसते शहर फिरण्याची स्वतंत्र सोय होती. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ने २००१ मध्ये हेच त्रिमितीय शहर जगभर पोहोचवले आणि दहा वर्षांनी, डिसेंबर २०११ मध्ये, तो खेळ मोबाइलवरही आला, मात्र तो विकत घ्यावा लागत असे.

पुढे असे खेळ फुकट मिळू लागले, त्याची कारणे खेळांपेक्षा अवजारांत शोधावी लागतात. खेळाचे ‘इंजिन’ म्हणजे चित्र उमटवणे, गुरुत्वाकर्षण, टक्कर, चाकांची पकड अशी नेहमीची कामे आयती करून देणारी आज्ञावली. अशा युनिटी या इंजिनाची प्राथमिक आवृत्ती २००९ मध्ये मोफत झाली, पुढच्या वर्षी तयार इमारती, रस्ते व गाड्यांच्या प्रतिकृती विकणारे त्याचे ‘ॲसेट स्टोअर’ उघडले आणि २०१३ मध्ये मोबाइलसाठी खेळ बनवण्याची सोयही लहान निर्मात्यांना विनाशुल्क मिळाली. दोन-तीन माणसांनी मिळून एक शहर उभे करणे आता शक्य झाले, आणि खर्च जाहिरातींतून निघू लागला: खेळाडू अर्ध्या मिनिटाची जाहिरात पाहतो व त्याबदल्यात त्याला नाणी किंवा नवी गाडी मिळते. स्पेनमधील ॲक्सेसइनमोशनचा ‘एक्स्ट्रीम कार ड्रायव्हिंग सिम्युलेटर’ (२०१४) हा याच काळातला गाजलेला खेळ. एकच तयार शहर विकत घेऊन अनेकांनी आपापले खेळ काढल्यामुळे तोच चौक आणि त्याच इमारती निरनिराळ्या नावांखाली पुन्हा पुन्हा भेटू लागल्या, हे या स्वस्ताईचे उणे अंग होय.

या शहरांचा एकसुरीपणा मोडला तो आशियात. मालेओ या इंडोनेशियन निर्मात्याने २०१७ मध्ये ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ आणला आणि त्यात तिथल्या बसचालकांचे सुरेल भोंगेही घेतले, जे वाजवून दाखवण्यासाठी रस्त्याकडेची मुले ‘ओम तेलोलेत ओम’ अशी विनवणी करीत आणि ही विनवणी २०१६ च्या डिसेंबरात समाजमाध्यमांवर जगभर पसरली होती. त्याहून महत्त्वाची होती ‘लिव्हरी’ची सोय. लिव्हरी म्हणजे बसचा बाहेरचा रंगवेश. तो उलगडून ठेवलेल्या कातड्यासारखे एक सपाट चित्र असतो आणि खेळाडू ते फोनवरच रंगवून खेळात चढवू शकतो. इंडोनेशियात भारताप्रमाणेच वाहने डावीकडून चालत असल्याने इथल्या मुलांना ते रस्ते परके वाटले नाहीत, आणि २०१६ पासून मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर भारतीय राज्यांच्या परिवहन मंडळांच्या बस या खेळातल्या इंडोनेशियन रस्त्यांवर धावू लागल्या. त्यांत महाराष्ट्राची लाल एसटी आणि शिवशाहीही होती. मार्गफलकावरची देवनागरी अक्षरे, खिडक्यांखालचा पट्टा, मागच्या बाजूचा मजकूर हे सारे हौशी हातांनी ठिपक्या-ठिपक्याने उतरवले. ज्या मुलांना चित्रकलेचा वर्ग किंवा संगणक मिळाला नाही, त्यांनी केलेले हे खरेखुरे कारागिरीचे काम आहे आणि लोककलेच्या अभ्यासकांनी त्याची दखल घ्यायला हवी.

हे काम टिकण्याची शाश्वती मात्र नाही. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ या प्रणालीपासून ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या, ॲपना आधार देणे बंद केले आणि अद्ययावत न झालेले असंख्य खेळ नव्या आयफोनवर उघडेनासे झाले. अँड्रॉइडवरही जुने खेळ हळूहळू ॲपच्या दुकानातून दिसेनासे होतात. ज्यांच्याकडे जुन्या फोनमध्ये आपण रंगवलेल्या एसटीच्या लिव्हरी अजून असतील, त्यांनी त्या फाइली निर्मात्याचे नाव आणि वर्ष लिहून दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात.