डेटाइम रनिंग लाइट

डेटाइम रनिंग लाइट (संक्षेपाने डीआरएल) म्हणजे इंजिन सुरू होताच आपोआप लागणारे आणि दिवसाच्या उजेडात वाहन इतरांच्या नजरेस यावे म्हणून बसवलेले पुढील बाजूचे पांढरे दिवे होत. रस्ता उजळणे हे त्यांचे काम नाही. चालकाला दिसावे यासाठी हेडलाइट असतो, तर चालक इतरांना दिसावा यासाठी डीआरएल. हे दिवे बंद करता येतात का, करावेत का आणि कायदा त्याविषयी काय म्हणतो, यांची उत्तरे देशागणिक आणि गाडीगणिक बदलतात.

उगम आणि प्रसार

दिवसा दिवे लावून गाडी चालवण्याची सक्ती प्रथम उत्तर युरोपात झाली. तेथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगत राहतो आणि दिवसभर संधिप्रकाशासारखा मंद उजेड असतो. फिनलंडने १९७२ मध्ये शहराबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यापुरता हा नियम केला. स्वीडनने १९७७ मध्ये तो वर्षभरासाठी आणि सर्व रस्त्यांवर लागू केला. पुढे नॉर्वे, आइसलंड आणि डेन्मार्क यांनीही तोच मार्ग धरला. कॅनडाने १ डिसेंबर १९८९ नंतर तयार झालेल्या नव्या मोटारींना हे दिवे अनिवार्य केले. युरोपीय संघात ७ फेब्रुवारी २०११ पासून मान्यता घेणाऱ्या मोटारींच्या नव्या प्रकारांना, तर ऑगस्ट २०१२ पासून ट्रक व बस यांना ते बंधनकारक झाले.

अमेरिकेत हे दिवे १९९३ पासून चालतात, पण बंधनकारक नाहीत. जनरल मोटर्सने १९९५ च्या मॉडेलांपासून ते बसवायला सुरुवात केली आणि २००१ मध्ये ते सर्वांना सक्तीचे करावेत असा अर्ज केला. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने तो २००९ मध्ये फेटाळला. ऑस्ट्रियाचा प्रवास याहून लक्षणीय आहे. तेथे नोव्हेंबर २००५ मध्ये दिवसा दिवे लावण्याची सक्ती झाली आणि १ जानेवारी २००८ पासून ती मागे घेण्यात आली. मोटारींच्या दिव्यांच्या गर्दीत पादचारी आणि सायकलस्वार नजरेआड होतात, हा तेथील एक प्रमुख आक्षेप होता. युरोपातील मोटारसायकलस्वारांच्या संघटनांचीही अशीच तक्रार होती : सगळ्याच गाड्यांचे दिवे लागले, तर दुचाकीच्या दिव्याचे वेगळेपण उरत नाही.

रचना

जुन्या गाड्यांत वेगळा दिवा नसे. हेडलाइटचा अप्पर कमी व्होल्टेजवर पेटवून किंवा डिपर पूर्ण शक्तीने लावून काम भागवले जाई. डिपरच्या हॅलोजन बल्बला प्रत्येकी सुमारे ५५ वॅट लागतात. सोबत टेललाइट आणि डॅशबोर्डचे दिवेही पेटले, तर अल्टरनेटरवरचा भार शंभर वॅटच्या वर जातो. स्वतंत्र एलईडी पट्ट्यांना त्याच्या लहानशा अंशाइतकीच वीज पुरते. त्यामुळे इंधन वाचवण्यासाठी डीआरएल बंद करण्याच्या युक्तिवादात आता फारसे बळ राहिलेले नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ८७ नुसार अशा दिव्याची तीव्रता समोरून किमान ४०० कँडेला असावी लागते आणि ती १२०० कँडेलाच्या वर जाता कामा नये. अमेरिकेत अप्परवर आधारित दिव्याला ७००० कँडेलापर्यंत मुभा आहे. समोरच्याचे डोळे दिपतात अशा तक्रारींनंतर १९९८ मध्ये ही मर्यादा १५०० वर आणण्याचा प्रस्ताव पुढे आला, पण २००४ मध्ये तो मागे घेण्यात आला. डीआरएलविषयीची नाराजी अमेरिकेत युरोपपेक्षा अधिक तीव्र का राहिली, याचा बराचसा उलगडा या दोन आकड्यांतील तफावतीतून होतो.

बंद करण्याच्या पद्धती

बहुतेक गाड्यांत हेडलाइट लावताच डीआरएल स्वतःहून विझतो किंवा मंद होऊन पार्किंग लाइटचे काम करू लागतो. इंडिकेटर डीआरएलच्या अगदी जवळ असेल, तर वळण दाखवताना त्या बाजूचा डीआरएल तात्पुरता विझतो किंवा मंदावतो. अनेक वाहनमालक याला बिघाड समजतात. प्रत्यक्षात इंडिकेटर ठळक दिसावा म्हणून केलेली ही सोय आहे.

चालकाला स्वतः दिवे बंद करण्यासाठी काही गाड्यांत स्टीअरिंगजवळच्या दांड्यावर वेगळी खूण असते, तर काहींत पडद्यावरील सेटिंगमध्ये पर्याय असतो. जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या गाड्यांत इंजिन सुरू करण्यापूर्वी हँडब्रेक ओढून ठेवल्यास दिवे लागत नाहीत. ड्राइव्ह-इन चित्रपटगृहांत ही युक्ती विशेष उपयोगी पडते. युरोपीय नियमांनी थांबलेल्या गाडीला काही सवलत दिली आहे. हँडब्रेक लावलेला असताना किंवा ऑटोमॅटिक गिअर पार्क स्थितीत असताना दिवे विझलेले चालतात. ताशी १० किलोमीटरपर्यंतच्या वेगात ते हाताने बंद करण्याची सोयही देता येते, मात्र वेग वाढताच किंवा गाडी १०० मीटरहून अधिक पुढे जाताच ते पुन्हा आपोआप लागले पाहिजेत.

अशी सोय नसलेल्या गाड्यांत फ्यूज किंवा रिले काढणे, दिव्याचा जोड सोडवणे किंवा संगणकीय नियंत्रकातील सेटिंग बदलून घेणे हे मार्ग अवलंबले जातात. यांत फ्यूज काढणे सोपे दिसते, पण त्याच फ्यूजवर दुसरे एखादे उपकरण अवलंबून असू शकते. म्हणून आधी गाडीच्या पुस्तिकेतील फ्यूजचा तक्ता पाहणे आवश्यक असते. वायर तोडणे हा सर्वांत वाईट उपाय होय. नव्या गाड्यांतील नियंत्रक तुटलेला जोड बिघाड म्हणून नोंदवतो आणि डॅशबोर्डवर इशारा दाखवत राहतो.

संधिप्रकाशातील धोका

डीआरएलविषयीची सर्वांत गंभीर अडचण दिवसाची नसून सायंकाळची आहे. समोर उजेड पडलेला आणि डॅशबोर्ड उजळलेला पाहून चालकाला हेडलाइट लागल्याचा समज होतो. प्रत्यक्षात मागचे दिवे विझलेलेच असतात आणि मागून येणाऱ्याला गाडी दिसतच नाही. कॅनडात अशा गाड्यांना 'भुताच्या गाड्या' या अर्थाचे नाव पडले. तेथे १ सप्टेंबर २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांत डीआरएलसोबत टेललाइट लागणे, अंधार पडताच हेडलाइट आपोआप लागणे किंवा चालकाच्या लक्षात यावे म्हणून डॅशबोर्ड अंधारात राहणे, यांपैकी एक सोय सक्तीची झाली.

महाराष्ट्रात पावसाळी धुक्यात बुडालेला आंबोली घाट किंवा मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील बोगदे येथे हीच स्थिती उद्भवते. अशा ठिकाणी डीआरएल पुरेसा नसतो; हेडलाइट लावणेच आवश्यक असते.

कायदेशीर स्थिती

गाडीत दिवे बसवण्याची सक्ती आणि ते चालू ठेवण्याची सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वीडन किंवा पोलंडमध्ये दिवसा दिव्यांविना गाडी चालवणे हा चालकाचा अपराध ठरतो. जर्मनीत मात्र दिवसा दिवे लावण्याची केवळ शिफारस आहे, यद्यपि नव्या गाड्यांत ते असतातच.

भारतात मोटारींना डीआरएल बंधनकारक नाही. दुचाकींसाठी मात्र १ एप्रिल २०१७ पासून इंजिन सुरू होताच दिवा आपोआप लागण्याची व्यवस्था आवश्यक झाली. या गाड्यांच्या हँडलवर हेडलाइट बंद करण्याचे बटण नसते, फक्त अप्पर-डिपर बदलता येतो. प्रारंभीच्या काळात समोरून येणारे लोक पंजाची उघडझाप करून 'दिवा चालू राहिला आहे' असे स्वारांना खुणावत. एरवी सौजन्याची असलेली ही खूण त्या काळात स्वारांच्या थट्टेचा आणि त्राग्याचा विषय झाली. बाहेरून बटण जोडून हा दिवा बंद करण्याची सोय काही जण करून घेतात. अशा बदलामुळे वाहन मान्यतेच्या वेळच्या रचनेप्रमाणे राहत नाही. शिवाय कच्च्या जोडणीमुळे रात्री हेडलाइट अचानक विझण्याची शक्यता निर्माण होते.