सुरक्षित सुईचं कूळ

दट्ट्या शेवटपर्यंत दाबला की सुई स्प्रिंगच्या जोरावर नळीत परत ओढली जाते, अशी सिरिंज आज मिळते. काम झाल्यावर सुईवर आवरण सरकवता येतं, अशीही मिळते. या वस्तूचे पूर्वज विचारले, की वैद्यकाचा इतिहास ठरलेली नावं सांगतो. 1844 मध्ये डब्लिनच्या फ्रान्सिस रिंडची पोकळ सुई, 1853 मध्ये लियाँचा शार्ल प्रावाझ आणि एडिंबराचा अलेक्झांडर वुड, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण काचेची ल्युअर सिरिंज, आणि 1950च्या दशकापासून एकदा वापरून टाकून द्यायची सिरिंज. सिरिंजची वंशावळ म्हणून हे सगळं बरोबर आहे. सुरक्षित सिरिंजची वंशावळ म्हणून मला ते मान्य नाही. या साऱ्यांच्या नजरेसमोर सुई घेणारा रुग्ण होता. सुई धरणारा हात कुणाच्याच समोर नव्हता. त्या हाताचा विचार वैद्यकात आला तो मोटारींच्या अपघातांच्या अभ्यासातून, आणि त्या अभ्यासाचं मूळ पहिल्या महायुद्धातल्या दोन विमानांच्या टकरीपर्यंत जातं, असं माझं ठाम मत आहे.

हा धागा मला सापडला एका शोधनिबंधातल्या आकड्यांमध्ये. ऑगस्ट 1988च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जॅनीन जॅगर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी विद्यापीठाच्या रुग्णालयात कर्मचाऱ्यांना सुया टोचल्याच्या 326 घटना तपासल्या. असा अभ्यास पूर्वीही झाला होता. पण तेव्हाचे प्रश्न माणसांबद्दलचे असत: कुणाला टोचली, तो किती अनुभवी होता, त्यानं नियम पाळला होता का? जॅगर यांनी विचारलं, टोचली ती कोणती वस्तू? आणि पुढे जाऊन विचारलं, रुग्णालयानं ती वस्तू किती नगांनी खरेदी केली होती?

या दुसऱ्या प्रश्नानं सगळं चित्र उलटं झालं. नुसत्या घटना मोजल्या, तर साधी सिरिंज सर्वांत मोठी गुन्हेगार होती. 35 टक्के इजा तिच्या नावावर होत्या. खरेदीच्या आकड्यानं भागल्यावर मात्र तीच सगळ्यांत कमी धोक्याची निघाली: दर एक लाख नगांमागे 6.9 इजा. सलाईनच्या नळीला जोडलेल्या सुयांचा दर होता 36.7, म्हणजे पाचपटीहून जास्त. आणि या सुयांचं काम काय, तर एका नळीतलं औषध दुसऱ्या नळीत सोडण्यासाठी रबरी बुचाला भोक पाडणं! त्यांना कुणाच्याही कातडीत शिरायचंच नव्हतं. ज्या कामाला सुईची गरज नव्हती तिथे सुई वापरली जात होती, आणि तीच सर्वाधिक टोचत होती. पुढे बिनसुईचे जोड आले, ते या हिशेबाच्या आधारानं.

आता हा हिशेब कुठला? रुग्णालयाच्या नोंदवहीत तो शिकायला मिळत नाही. ही मोटारींची मोजणी आहे. अमुक मॉडेलच्या गाडीत किती माणसं दगावली, एवढ्यावरून काही कळत नाही. त्या मॉडेलच्या किती गाड्या रस्त्यावर आहेत, हे कळल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना होत नाही. जॅगर या मुळात इजांच्या साथशास्त्राच्या अभ्यासक. सुईकडे वळण्याआधी मध्य व्हर्जिनियातल्या डोक्याच्या इजांवर त्यांनी काम केलं होतं, आणि अशा इजांचं एक मोठं कारण म्हणजे वाहनांचे अपघात. जुन्या विषयातली नजर त्यांनी नव्या विषयात आणली. सुरक्षित सिरिंजच्या कुळातला सगळ्यात मोलाचा वारसा मला हा वाटतो. स्प्रिंग आणि आवरण नंतरची.

ही नजर घडवणारा माणूस विल्यम हॅडन. तो न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातला डॉक्टर होता. 1966मध्ये अमेरिकेनं रस्ते-सुरक्षेसाठी केंद्रीय यंत्रणा उभारली, तिचा तो पहिला प्रमुख झाला. तोवर अपघात म्हटला की चालकाची चूक शोधायची, उपाय म्हणजे चालकाला उपदेश करायचा, अशी रीत होती. मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी 1961मध्ये मांडलं होतं, की इजा म्हणजे शरीराला झेपणार नाही एवढी ऊर्जा शरीरापर्यंत पोहोचणं. हॅडननं हे सूत्र पुढे नेलं. चूक कुणाचीही असो, ऊर्जा आणि शरीर यांच्या मध्ये काय उभं करता येईल, ते बघा.

1970मध्ये त्यानं एक छोटासा लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच पिंजऱ्यातून सुटणारे वाघ होते. त्यात दहा उपाय सांगितले आहेत: धोका निर्माणच होऊ न देणं, झाला तर त्याचं प्रमाण कमी ठेवणं, तो सुटू न देणं, मध्ये आडोसा घालणं, टोकदार पृष्ठभाग बोथट करणं, माणसाला जास्त टणक करणं, आणि शेवटी झालेली हानी भरून काढणं, या वाटेनं. मी ही यादी सुयांना लावून पाहिली, आणि एकेक खण भरत गेला. नळ्यांचे बिनसुईचे जोड म्हणजे धोका निर्माणच न करणं. सुईवरचं आवरण म्हणजे आडोसा. शस्त्रक्रियेत काही थरांसाठी वापरतात ती बोथट टोकाची टाक्याची सुई म्हणजे पृष्ठभाग बदलणं. हेपेटायटिस बीची लस म्हणजे माणसाला टणक करणं. टोचल्यानंतर लगेच सुरू करायच्या एचआयव्हीविरोधी गोळ्या म्हणजे हानी आवरणं. मोटारींच्या विचारातून निघालेल्या यादीत सुईचं अख्खं घराणं असं बसतं, याला मी योगायोग मानत नाही.

हॅडनच्याही मागे ह्यू डीहेवन आहे. 1917मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरसाठी वैमानिकाचं शिक्षण घेताना त्याच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. तो वाचला, पण पोटातल्या अवयवांना जबर इजा झाली. अंथरुणावर विचार करून तो या निष्कर्षाला आला, की इजा जमिनीनं केली नाही. आपल्याच पट्ट्याच्या बकलाचा टोकदार भाग पोटात घुसला. जे सुरक्षेसाठी बांधलं होतं, त्याचंच टोक लागलं. पुढे त्यानं अंडी उंचावरून टाकून ती कशावर पडली की फुटत नाहीत, ते तपासलं. 1942मध्ये 50 ते 150 फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास छापला. माणूस किती जोरात पडला यापेक्षा तो कशावर पडला, हे महत्त्वाचं ठरतं, हा त्याचा सिद्धांत. तीन बिंदूंचा पट्टा आणि एअरबॅग याच विचाराच्या रांगेत बसतात. टोकदार बकलानं सुरू झालेला विचार सत्तर वर्षांनी टोकदार सुईपाशी पोहोचला, असं मी मानतो.

या मांडणीला प्रतिस्पर्धी आहेत, आणि त्यातला पहिला फार देखणा आहे. तो म्हणजे सेफ्टी पिन. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटनं 10 एप्रिल 1849 रोजी तिचं पेटंट घेतलं आणि 400 डॉलरला विकून टाकलं. टोक झाकणारं घर तिच्या अंगातच आहे, शिवाय बंद करायला स्प्रिंग आहे. आवरणवाल्या सिरिंजशेजारी ठेवली तर दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. पण सेफ्टी पिनचं टोक झाकलं जातं ते पिन काम करत असताना; साडीत खोचली की टोक घरात. सिरिंजचं टोक काम करताना उघडंच हवं, आणि काम संपल्या क्षणी झाकलं जायला हवं. धोक्याची वेळच वेगळी आहे. शिवाय एकोणिसाव्या शतकातली पिन पूर्वज असती, तर पुढची सव्वाशे वर्षं सिरिंज उघडी का राहिली? एवढं मात्र मी पिनला देतो: संरक्षण वस्तूच्या अंगातच हवं, नंतर जोडायचं नको, हा धडा तिच्यात आहे.

दुसरा प्रतिस्पर्धी म्हणजे एड्सची भीती. 1984मध्ये सुई टोचून आरोग्य कर्मचाऱ्याला एचआयव्हीची लागण झाल्याची पहिली नोंद छापली गेली, आणि त्यानंतर सगळं हललं, असं सांगितलं जातं. भीतीनं पैसा आणि कायदा आणला, हे मला मान्य आहे. पण लागणीची शक्यता पाहा. एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईनं ती सुमारे 0.3 टक्के असते. हेपेटायटिस बीची, लस न घेतलेल्या माणसात, 30 टक्क्यांपर्यंत. एड्सच्या आधी अमेरिकेत दरवर्षी हजारो कर्मचाऱ्यांना कामावर हेपेटायटिस बी होत होता, आणि सुई तशीच होती. भीतीनं हात थरथरतो. वस्तूचा आकार बदलायला आकडे लागतात.

तिसरा प्रतिस्पर्धी संशोधकांचा. सरकत्या आवरणाच्या सिरिंजची पेटंटं 1988च्या आधीची आहेत. टेक्ससच्या थॉमस शॉ यांनी एड्सबाधित डॉक्टरविषयीची बातमी टीव्हीवर पाहून आत ओढल्या जाणाऱ्या सुईची सिरिंज बनवली, ही हकीकत प्रसिद्ध आहे आणि ती मला मनापासून आवडते. पण कपाटात पडलेलं पेटंट म्हणजे प्रथा नव्हे. कोणती सिरिंज ‘सुरक्षित’ म्हणायची, याची कसोटी ठरेपर्यंत प्रत्येक नवी युक्ती ही केवळ एक महाग सिरिंज होती.

चौथा प्रतिस्पर्धी आपल्याकडे जास्त ओळखीचा: एकदा वापरली की दट्ट्या अडकणारी ऑटो-डिसेबल सिरिंज. भारताच्या लसीकरणात ती 2005पासून रुळली. ती फार मोलाची आहे, पण तिचं कूळ वेगळं. ती पुढच्या रुग्णाला वाचवते. दट्ट्या अडकला तरी सुई उघडीच राहते, आणि सिस्टरचा अंगठा तिथेच असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015च्या धोरणात पुनर्वापर रोखणं आणि टोचण्यापासून वाचवणं ही दोन वैशिष्ट्यं म्हणूनच वेगवेगळी सांगितली.

आता माझा सर्वांत लाडका तर्क, टोपणाचा. जॅगर यांच्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश इजा टोपण परत घालताना झाल्या होत्या. काचेच्या सिरिंजच्या काळात सुया उकळून ट्रेमध्ये येत आणि वापरून झाल्या की पुन्हा उकळायला जात. प्रत्येक सुईला स्वतःचं टोपण मिळालं ते टाकून द्यायच्या सुईबरोबर, निर्जंतुक ठेवण्यासाठी. काम झाल्यावर हातात उघडी सुई आणि शेजारी तिचं टोपण! माणूस ते घालणारच. डीहेवनच्या बकलासारखंच हे आहे: संरक्षणासाठी दिलेली वस्तू इजेचं साधन बनली. रुग्णालयांनी भिंतींवर ‘टोपण परत घालू नका’ असं लिहिलं, आणि कर्मचाऱ्यांना बेशिस्त ठरवलं. कर्मचाऱ्यांनी जॅगरना दिलेली कारणं मात्र शहाणपणाची होती: चार-पाच उघड्या वस्तू एकाच फेरीत डब्यापर्यंत कशा न्यायच्या? उघडी सुई लावलेला भाग सुटा कसा करायचा? एका धोक्यापासून वाचण्यासाठी ते दुसरा धोका पत्करत होते.

म्हणून कसोट्या ठरल्या, आणि पुढे अमेरिकी सरकारी संस्थांनीही त्या आपल्याशा केल्या. संरक्षण साधनाच्या अंगातच असावं. वापरताना दोन्ही हात सुईच्या मागेच राहावेत. साधन सुटं करण्याआधी संरक्षण लागू झालेलं असावं आणि कचऱ्यात गेल्यावरही टिकावं. ते इतकं सोपं असावं की शिकवावं लागू नये. शेवटची अट वाचताना मला एअरबॅगच दिसते: माणसाला आठवण ठेवावी लागत नाही, तेच संरक्षण टिकतं.

6 नोव्हेंबर 2000 रोजी अमेरिकेत सुईच्या इजा रोखण्याचा केंद्रीय कायदा झाला. सुरक्षित साधनं निवडताना प्रत्यक्ष हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांचं मत घेणं त्यानं बंधनकारक केलं. पुढे जॅगर आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयांचे आकडे तपासले, तेव्हा कायद्यापाठोपाठ इजांमध्ये सुमारे 38 टक्के घट दिसली. त्याआधी कित्येक वर्षं भिंतींवर सूचना होत्या. युरोपीय संघानं 2010मध्ये निर्देश काढला आणि अंमलबजावणीला 2013पर्यंत मुदत दिली.

आपल्या वॉर्डात आजही जास्त दिसतो तो निडल कटर. तो पुनर्वापर थांबवतो, पण सिस्टरला उघडी सुई हातात धरून त्याच्यापर्यंत जावं लागतं. वरच्या कसोट्यांपैकी पहिल्याच कसोटीत तो अडतो. कटर भरल्यावर तो रिकामा करणारे मामा आणि मावशी, आणि चुकून साध्या पिशवीत पडलेल्या सुईला हात लागणारा सफाई कामगार, यांच्यासाठी संरक्षण वस्तूच्या अंगात असणं हाच खरा उपाय आहे. 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी या सगळ्यांना हेपेटायटिस बीची लस देणं आणि अपघाताची नोंद करणं बंधनकारक केलं, हे चांगलंच झालं. आता त्या नोंदीत दोन गोष्टी हव्यात: टोचलेल्या साधनाचं नाव, आणि त्या वर्षी रुग्णालयानं ते किती नगांनी विकत घेतलं. या दोन आकड्यांचा भागाकार खरेदी समितीपुढे दरवर्षी ठेवला, तर कोणतं साधन आधी बदलायचं, हे कुणालाही दोष न देता ठरवता येईल.